टाळ्या थांबेपर्यंत

प्रिय विक्रम,

एकाच घरात राहणाऱ्या बापाने मुलाला पत्र लिहावं, हे तुला विचित्र वाटेल. तू केस कापायला गेला आहेस. आई आतल्या खोलीत तुझ्या जर्सीला इस्त्री करते आहे. तुझी कॅम्पची बॅग दारापाशी भरून तयार आहे आणि हे पत्र मी तिच्या वरच्या कप्प्यात, माउथगार्डच्या डबीखाली ठेवणार आहे. बाकी काही विसरलास तरी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती डबी तू उघडून पाहतोसच. समोर बसून बोललो असतो तर तू "बाबा, चिल" म्हणाला असतास, आणि मी खरोखरच गप्प झालो असतो. मला माझीच ती भीती आहे. मी एका वाक्यात तीनदा "अर्थात" म्हणतो, असं आई म्हणते. कागदावर निदान ते खोडता येतं.

तू दहा वर्षांचा असताना रग्बीचं खूळ घेऊन आलास तेव्हा मी विरोधात होतो, आठवतं? हा खेळ नाही, दंगल आहे, असं मी म्हणालो होतो. तेव्हा तू सोफ्यावरची उशी पोटाशी धरून मला नियम समजावलास. "बाबा, ज्याच्या हातात बॉल आहे त्यालाच पाडायचं. ज्याच्या हातात बॉल नाही त्याला पाडायचंच नाही. पाडलं तर फाउल. आणि मानेला तर हातच लावायचा नाही." मला ते फार पटलं होतं. दांडगाईलाही हद्द असते आणि ती हद्द दहा वर्षांच्या मुलाला पाठ असते, याचं मला अप्रूप वाटलं. मग खडकीच्या मैदानावरची तुमची पहिली मॅच. तुम्ही सपाटून हरलात. तू रडवेला झाला होतास आणि मी तुला कसं समजवायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. तेवढ्यात जिंकलेली मुलं समोरासमोर दोन रांगा करून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. तुम्ही हरलेले एकेक करून त्या रांगांमधून गेलात. सर्वांत शेवटी तू, गुडघा सोलवटलेला. तू पार बाहेर पडेपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. घरी येताना तू हरल्याचं बोलला नाहीस, त्या टाळ्यांच्या बोगद्याचंच बोलत होतास. जन्मभर क्रिकेट पाहिलेल्या मला असलं काही माहीत नव्हतं. मी त्या दिवसापासून या खेळाचा झालो, ते त्या बोगद्यामुळे.

म्हणूनच तुमच्या कोच रंगराव सरांनी पालकांची बैठक घेऊन मला पालक-प्रतिनिधी केलं तेव्हा मी हो म्हणालो. मैदानाबाहेरून कुणी पालकाने आरडाओरडा करायचा नाही, पंचांना शिव्या द्यायच्या नाहीत, एकट्या मुलाला गाडीत न्यायचं नाही, कुणा मुलाला काही त्रास असेल तर त्याने कुणाकडे जायचं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं, अशी ती कामं. ज्याच्याकडे जायचं तो मी. आई म्हणाली, "म्हणजे गप्प बसण्यासाठी नेमलेला पहिलाच पदाधिकारी." आपण तिघेही हसलो होतो. तूच सर्वांत जास्त.

आता माऊलीबद्दल. माझं ऑफिस हडपसरला, त्यामुळे प्रॅक्टिसच्या दिवशी येताना मी क्लबातल्या माऊली आणि तनुजा दोघांना घेऊन येतो, हे तुला माहीत आहे. परत जाताना तनुजाचे वडील नेतात. माऊली बारा वर्षांचा आहे. त्याचे आईवडील लातूरकडचे. वडिलांचं नाव उत्तरेश्वर, ते कारखान्यात पाळीवर असतात, त्यामुळे माझी ओळख त्याच्या आईशी, शालनताईंशी. पोरगं सुरुवातीला अखंड बोलायचं. कुठल्या सिग्नलला कुठला हातगाडीवाला, कुणाचा वडा मोठा, सगळी माहिती. तनुजा त्याला "रेडिओ" म्हणायची. पावसाळ्यानंतर तो रेडिओ हळूहळू बंद झाला. मला वाटलं, परीक्षा असेल. मग लक्षात आलं की तो सीटला पाठ टेकत नाही. हडपसरपासून खडकीपर्यंत, त्या सगळ्या ट्रॅफिकमध्ये, पुढची सीट हातांनी धरून काठावर बसून राहतो. मी म्हटलं, "अरे, नीट टेकून बस." तो म्हणाला, "असंच बरं आहे, काका."

एक दिवस शालनताईंनी त्याचा शर्ट मागून वर करून मला दाखवला. "भाऊ, खेळात येवढं लागतंच का हो? पोरगं पाठ टेकवीना झालंय. इचारलं तर म्हणतंय, पडलो." तुला माझं काम माहीत आहे. गाड्यांच्या अपघाताचे दावे तपासत मी वीस वर्षं काढली. कुठली खोक कशाने पडते, आणि माणूस सांगतो त्या गोष्टीशी ती जुळते की नाही, हे मला फोटोवरून कळतं. मैदानात पडलेल्या मुलाला कोपराला, गुडघ्याला, खांद्याला लागतं. माऊलीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, बुटांच्या तळाला असतात त्या स्टडचे गोल काळेनिळे ठसे होते. खांद्यापासून कमरेपर्यंत. खेळातल्या झटापटीत चुकून पाय पडला तर असे ठसे एका जागी उमटतील. हे डावीकडून आणि उजवीकडून, चालत्या पाठीवर उमटलेले होते. मला ते त्याच क्षणी दिसलं. आणि मी शालनताईंना म्हणालो, "लागतं थोडं. मी सरांशी बोलतो." त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. मी सांगितलं म्हणजे तसंच असणार. सरांशी मी बोललो नाही. नीट माहिती घेऊन मग बोलू, असं स्वतःला सांगितलं. अर्थात. (हा शब्द खोडत नाही.)

परवा संध्याकाळी आम्ही तिघे मगरपट्ट्याजवळ सिग्नलला अडकलो होतो. तुला एक सवय आहे, विक्रम. जेवायला बसलास की वाढेपर्यंत तू टेबलावर ठेका धरतोस. दोन संथ, तीन जलद. मग थांबतोस आणि पुन्हा. गेले काही महिने आपल्या घरात तो ठेका इतका चालू आहे की तो माझ्याही बोटांत शिरला आहे. सिग्नल सुटत नव्हता, आणि मी नकळत स्टिअरिंगवर तो वाजवला. दोन संथ, तीन जलद. मागे काहीतरी हललं. मी आरशात पाहिलं तर माऊलीने गुडघे वर घेतले होते, डोकं त्यांत खुपसलं होतं आणि दोन्ही हातांनी मान झाकली होती. मला कळेना काय झालं. मी पुन्हा वाजवला असता, इतका तो हाताला सवयीचा होता. तनुजा म्हणाली, "काका, ते वाजवू नका ना." मी विचारलं, का गं? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बोगद्याचं आहे ते."

मग तिने सांगितलं. एका दमात, शाळेतलं उत्तर म्हणावं तसं. प्रॅक्टिस संपली की सामानाच्या खोलीमागच्या बोळात मोठी मुलं दोन रांगा करतात. हातांत बूट घालतात. नवीन मुलाने मधून चालायचं, पळायचं नाही. कॅप्टन टोकाला उभा राहून टाळ्या वाजवतो. टाळ्या थांबेपर्यंत चालायचं, टोक आलं की मागे फिरायचं. रडला तर पहिल्यापासून. मुलींना घेत नाहीत, पण मुलींना माहीत आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? माझ्याकडेच तर यायचं होतं. तनुजाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती. "काका, तुम्ही कॅप्टनचे बाबा आहात."

त्या टाळ्या मी ऐकल्या आहेत. फाटकाबाहेर तुझी वाट पाहत चहा पिताना, भिंतीपलीकडून. एकदा घरी येऊन आईला कौतुकाने म्हणालोही होतो की आपल्या क्लबात मोठी मुलं लहानांचं किती कौतुक करतात. त्या दिवशीच्या माझ्या डायरीत "विक्रम गाडीत फार खुशीत होता" असंही लिहिलं असेल. मी उघडून पाहिलेलं नाही.

परवा मी पहिल्यांदाच मैदानाच्या आत, त्या बोळाच्या तोंडाशी, शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत उभा राहिलो. "बाबा, आज आत कसे?" तू विचारलंस. मी म्हणालो, सहज. तुझ्या मागे उभी असलेली मुलं एकमेकांकडे पाहून हसली आणि मग तूही हसलास. ते हसणं मी ओळखीचं आहे का म्हणून शोधत राहिलो. घरी आल्यावर तू गॅलरीत फोनवर कुणाला तरी सांगत होतास, "इथे काय, आठ-दहा जण. कॅम्पला अख्खी टीम असणार, आणि सर वेगळ्या बिल्डिंगमध्ये." तू कदाचित मॅचबद्दल बोलत असशील. कदाचित जेवणाबद्दल. तेव्हापासून मी दुसरा अर्थ लावून पाहतो आहे आणि तो लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. तू तेरा वर्षांचा असताना, मोठ्या गटात गेल्यावर, काही दिवस पालथा झोपायचास. आई म्हणाली होती, हा असा का झोपतो? मी म्हणालो होतो, दमतो. मी तुझा शर्ट वर करून पाहिला नाही. तेव्हा टोकाला कोण उभं होतं, विक्रम? टाळ्या कधी थांबल्या? तो ठेका तू शोधून काढलास की तुझ्याही बोटांत तो तसाच शिरला? हे विचारण्याचा हक्क मी बराचसा घालवला आहे, तरी विचारतो. याचं उत्तर काहीही असलं तरी माऊलीच्या पाठीवरचा एकही ठसा त्याने पुसला जाणार नाही, हेही तुला कळतं.

काल मी आईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॅम्पला राज्याच्या संघाची निवड करणारे येणार आहेत. सहा वर्षं त्याने याचसाठी घालवली. तत्त्व तुझं, आणि वर्ष त्याचं." मी म्हणालो, कॅम्पहून आल्यावर बोलू का मग? हे मी खरंच म्हणालो, तुझ्यापासून लपवत नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. "आणि तिथे त्या पोराला काही झालं तर?" ती म्हणाली. मग उठून जाताना म्हणाली, "काय करायचं ते कर. पण आधी त्याला सांग. हातात बॉल नसताना पाडू नकोस त्याला." तुझी उशी तिलाही आठवत होती.

आज दुपारी मी शालनताईंना फोन केला आणि संध्याकाळी येतो म्हणालो. त्यांना वाटलं, कॅम्पच्या तयारीचं काही असेल. म्हणाल्या, "या की भाऊ. लाडू केल्यात सगळ्या पोरांसाठी. कॅप्टनला येगळा डबा भरलाय. आमचं माऊली झोपेतबी 'कॅप्टनदादा, कॅप्टनदादा' करतंय बघा. लई जीव हाय त्याचा तुमच्या पोरावर." मी "हो" म्हणालो.

तर विक्रम, तू हे वाचशील तेव्हा मी खाली गाडीत बसलेलो असेन. आधी हडपसरला माऊलीच्या आईवडिलांकडे जाणार, कारण पोरगं त्यांचं आहे, आणि तिथून रंगराव सरांकडे. सरांना हे आधीपासून माहीत होतं की नाही, ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरून कळेलच. उद्याची बस निघण्याआधी हे सगळ्यांना कळलेलं असेल. त्या बसमध्ये तू नसशील, आणि राज्याचा संघही बहुधा नसेल. मला ते माहीत आहे आणि तरीही मी जाणार आहे. हे पत्र एवढ्यासाठीच, की तुला माझ्या आधी ते स्वतःच्या तोंडाने सांगता यावं. तू आलास तर बोलणारा तू. मी शेजारी बसेन आणि माझ्या त्या "लागतं थोडं"बद्दल जे माझ्या वाट्याचं आहे तेवढंच बोलेन. नाही आलास तर मी सांगेन, आणि तुझं नाव गाळणार नाही. अंधार पडायच्या आत मला निघायला हवं, तोवर वाट पाहीन. गाडीचं पुढचं दार उघडं ठेवतो. बॅग आणू नकोस.

काहीही ठरवलंस तरी,
तुझाच,
बाबा