काळ्या ओट्याला चिंच

हिंगणघाट, सोमवार, १९५५

सगळ्यात आधी टपकली शेजारची गोदा, आमचा नवा ओटा पाहाले. काळ्या कडप्प्यावर हात फिरवून म्हणे, "काकू, याच्यात तर तोंड दिसते वो!" मी हरखलीच. गुडघ्यापायी खाली बसवत नाई, म्हणून तर शेगडी ओट्यावर आली. कालच जवसाचं तेल लावून पुसला होता.

मग माझ्या लेकीची, शांतेची सासू आल्या. आल्या तसा पदर खोचला. "विहीणबाई, तेलकट दिसून राह्यला," म्हणत पितळ घासायची चिंच उचलली अन् ओट्यालेच चोळली! गवंडी बजावून गेलता, या दगडाले आंबट चालत नाई. पण बोलू कशी? माझी शांता पोटुशी. पहिल्या बाळंतपणाले माहेरी पाठवायचं का नाई, ते सासूच्याच हाती.

धुतल्यावर मधोमध परातीएवढा पांढरा डाग. गोदा तोंडाले पदर लावून पळाली.

त्या गेल्यावर तेल चोळलं. ओलं तोवर काळं, पुसलं की पुन्हा पांढरं. संध्याकाळी पुन्हा चोळलं, पुन्हा तेच. दगडाची कातडीच गेली, ते काय आता परत येते? रडूच आलं. हे म्हणतात, "दगडासाठी काऊन रडून राह्यली?" यायले काय सांगू!

जाताना विहीणबाई शांतेले पाठवतो म्हणाल्या, तो आनंद तर पोटात मावत नाई. स्वतःच घेऊन येतात. उंबऱ्यातून वळून म्हणाल्या, "येताना घरची नवी चिंच आणतो, राह्यलेला ओटाही उजळून देतो."

गुरुवारी येतात.