मनगटावरची बोटं

४ मार्च
शिरूर कासारला आले एकदाची! कॉलेजात इतिहास शिकवायचा, राहायला दोन खोल्या, पुढे कडुनिंब. भांडी लावण्याआधी बाबांचे पाच सुरे भिंतीवर लावले. सगळे पहिल्या महायुद्धातले. खंदकात अंगाला अंग भिडलं की हेच कामाला यायचे. पितळी मूठ, तिच्यात बोटं अडकवायला कड्या. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर बाबा जुने बाजार पालथे घालून ते जमवत. "अंजली, गंज चढू देऊ नकोस," हे त्यांचं शेवटच्या दिवसांतलं सांगणं. गेल्या वर्षी ते गेले. आता मी तेल लावते. तेवढाच त्यांचा हात हातात आल्यासारखा वाटतो.

११ मार्च
शेजारच्या रुक्मिणीबाई आल्या होत्या. घरचे ऊसतोडीला गेलेले, ऐंशीच्या घरातल्या त्या एकट्याच मागे. भिंत बघितली, तशाच घरी गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेला सुरा घेऊन परत आल्या. त्यांचे आजेसासरे त्याच महायुद्धात पलटणीबरोबर इराकात, बसऱ्याच्या लढाईला गेले होते, तिथला. "तुमीच ठिवा मॅडम. पर मुठीत बोटं घालू नगा." का, ते सांगितलं नाही. माझा सहावा!

१३ मार्च
सुट्टी. दुपारी सुरा पुसायला घेतला. पातं गंजलेलं, मूठ मात्र गुळगुळीत. राहवलं नाही, बोटं घातली.
कुणीतरी माझं मनगट धरलं. गार, ओला हात. बुडणारा माणूस धरतो तसा. मी सुरा फेकला. खोलीत कुणी नव्हतं. मनगटावर चार बोटांचे काळे वळ. फरशीवर चिखल. इथे टँकर आठवड्यातून एकदा येतो.

१५ मार्च
वळ जात नाहीत. हात दाखवला तशा रुक्मिणीबाई रडायलाच लागल्या. आजेसासरे भर उन्हाळ्यातही उजव्या मनगटाला फडकं बांधून असायचे. त्या नवी नवरी असताना एकदाच बोलले होते. खंदकात अंगावर आलेल्या शिपायाला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. सुरा आत गेल्यावर त्याने त्यांचं मनगट धरलं आणि आईला हाका मारत राहिला.
"बोली कळत न्हवती. पर आईला मारलेली हाक कुणाला कळत न्हाई, लेकी? जीव जाईस्तोवर हात सोडला न्हाई त्यानं." मग खाली बघत म्हणाल्या, "मागूनबी सोडला न्हाई."

१९ मार्च
सुरा त्या परत घेऊन गेल्या. हात गेला नाही. फळ्यावर लिहिताना मनगट खाली ओढलं जातं. कानाशी रडणं — भर वर्गात. मुलांना ऐकू येत नाही.

२२ मार्च
भीती आहेच, पण पोटात तुटतंही. शंभर वर्षं एकाच हाताला धरून — कुणाचा तरी मुलगा.
आज त्याच्याशी बोलले. म्हटलं, मी आहे. सोड आता. मी कुठे जात नाही.
रडणं थांबलं.

२३ मार्च
मनगट मोकळं! वळही नाहीत. रुक्मिणीबाईंनी माझ्या हातावरून हात फिरवला. "लई सोसलंस." पण जाताना माझ्या खांद्याकडे बघत राहिल्या.

२४ मार्च
खांदा ओला. चिखल. गळ्याभोवती दोन हात — लहान मूल बिलगतं तसे. जड आहे. मान वर होत नाही —
एकच शब्द म्हणतोय. मला कळतो.
हो रे. इथेच आहे. बाळा, जरा सैल — श्वा