गाडी समताच्या नावावर

जालना,
४ ऑगस्ट २०२४

चि. समता हीस संघर्षदादाचा जयभीम व अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून लिहून राह्यलो. पेट्रोलची चारचाकी गाडी घ्यायचं ठरवलं. आईले आताच सांगू नको, खर्चाच्या नावानं धसका घेते. दिव्यांगाच्या नावावर घेतली तर जीएसटी बराच कमी लागते म्हणे. तुझं प्रमाणपत्र पाठव. गाडी तुझ्या नावावर, चालवीन मी. आजपासून तू मालकीणबाई.

तुझा दादा

उंद्री,
११ ऑगस्ट

ती. दादास सविनय जयभीम वि. वि. आईचे गुडघे तसेच.

प्रमाणपत्र सोबत आहे. माझ्या डाव्या पायावर लहानपणापासून घरचा खर्चच झाला. आता त्याच पायानं काही वाचणार, हे वाचून मले रडू आलं. चिखलीच्या शाळेत शिकवायले जाताना रोज जीपची वाट पाहते. मले चढायले वेळ लागते, म्हणून जीपवाले पाहून न पाहिल्यासारखं करतात. नावापुरती का होईना, माझी गाडी असणार. शेजारच्या मंजुळाबाईले सांगून बसले, रागावू नको.

माया आहे तशीच राहू दे.
समता

जालना,
१ सप्टेंबर

चि. समता हीस जयभीम व आशीर्वाद.

बेत बदलला. इलेक्ट्रिक घेऊन राह्यलो. तिच्यावर जीएसटी सगळ्यांलेच पाच टक्के, अन् नोंदणीचा कर आपल्या राज्यात माफ. सारं धरून पेट्रोलच्या गाडीपेक्षा थोडीच महाग पडते, तेवढं पेट्रोलमध्ये निघून जाईल. आता तुझ्या प्रमाणपत्राची गरज नाही, परत पाठवतो. माझ्याच नावावर घेतो, तुझी दगदग वाचली. चालवायले एकदम सोपी. क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाले कामच नाही. तुझी वहिनी पायल एका दुपारी शिकली.

आईले जप.
दादा

उंद्री,
८ सप्टेंबर

ती. दादास सविनय जयभीम.

प्रमाणपत्र मिळालं. खोटं कशाले बोलू, वाईट वाटलं. मंजुळाबाई विचारते गाडी कधी येते, अन् मी विषय बदलते. तू चुकला असं नाही. पण माझं नाव तुले सवलतीपुरतंच पाहिजे होतं, हे टोचते.

मग तुझं पत्र परत वाचलं. डाव्या पायाले काम नाही, हे तू सहज लिहून गेला. दादा, माझा उजवा पाय धड आहे. अन् इलेक्ट्रिकची ही सवलत घ्यायले मले कोणापुढं पाय दाखवावा लागत नाही. गाडी माझ्या नावावर घे, इथं उंद्रीत राहू दे. हप्ते माझ्या पगारातून जातील. सुरुवातीचे पैसे तू भर, हळूहळू फेडीन. तुले लागली की घेऊन जात जा.

नाही म्हणालास तरी बहीण तुझीच.
समता

जालना,
२० सप्टेंबर

चि. समता हीस जयभीम.

उत्तराले उशीर झाला. तुझं पत्र पायलले वाचून दाखवलं. ती म्हणाली की एवढ्या वर्षांत तुम्ही तिले एकदा तरी विचारलं का, तुले काय पाहिजे म्हणून. मले लाज वाटली.

लायसन्ससाठी डॉक्टरची तपासणी लागन, मी संग येतो. कर्जाच्या कागदावर तुझ्या मागं माझीही सही राहील. आईले आता सांगून टाक.

आज बुकिंगवरचं नाव बदललं. शोरूमवाल्यानं विचारलं की बहिणीच्या नावावर काऊन, सवलत तर तुमच्या नावावरही तेवढीच मिळते. मी म्हटलं, म्हणूनच.

तुझा,
संघर्षदादा