हे मतावर नाही, नाना

प्रिय नाना,

सुट्टीवर गेलेल्या सलीमचा दुपारी तुमच्या दापोलीहून फोन आला. "वसंतदा, नाना गेले," म्हणाला आणि रडायलाच लागला. तुमची बातमी सलीमनं रडत द्यावी, यातच सगळं आलं. बाकीचे साइटवरून यायच्या आत लिहायला बसलोय. आता खोलीत मीच म्हातारा.

दुबईतल्या अल मनखूलच्या या खोलीत मतदान आणलं मी. स्वयंपाकाची पाळी, टीव्ही, सगळं हात वर करून. रद्दीतली पुस्तकं वाचून तावातावानं सांगायचो, की राज्य चालवायला देवाला कशाला विचारायचं, माणसाला बुद्धी आहे ना? तुम्ही गळ्यातली माळ सारखी करत म्हणायचात, "बुद्धी वकील आहे रे वसंता. ज्याचं मीठ खाईल त्याची बाजू मांडेल. राजाच्या डोक्यावर निदान देव होता. तुझ्या बहुमताच्या डोक्यावर कोण?"

मला हसू यायचं.

मग मला कावीळ झाली. ती पसरते, हेही मीच वाचून सांगितलेलं. मत घेतलं, तर तुम्ही सोडून सगळ्यांचे हात वर. नियम माझाच, म्हणून मुकाट्यानं बॅग भरायला लागलो. तुम्ही येऊन बॅगेवरच बसलात.

"खलास. आजारी माणसाला बाहेर काढायचं का, हे मतावर नाही. वरच्यानं आधीच ठरवलंय."

महिनाभर मऊ भात भरवलात. ताट मात्र वेगळं, डॉक्टरचं ऐकून. आठवतं?

पण नाना, सलीम राहायला यायचा होता तेव्हा "त्याचा हात आपल्या गॅसला नको, हेही मतावर नाही" असं का म्हणालात? मी विचारलं, "माझ्या बॅगेत आणि त्याच्या बॅगेत फरक काय?"  मग एका संध्याकाळी त्याची बॅग स्वतःच खांद्यावर घेऊन जिना चढलात. "यल्ला, चल, सरक," मला म्हणालात.

तुमच्या वेगळ्या स्वयंपाकाची शेगडी तेवढी बाल्कनीत गेली, ती गेलीच. सलीम ताट घेऊन तुमच्या शेजारी बसायचा. "नाना, ऊन लागतंय, आत चला." "तू जेव रे गप."

तेव्हा तुम्हाला कोणी हलवलं, बुद्धीनं की देवानं? विचारायचं राहूनच गेलं.

नियमांच्या कागदावर सगळ्यांत वर तुमचं वाक्य लिहीन: काही गोष्टी मतावर नाहीत. कुठल्या, ते मात्र भांडून ठरवू. एकट्याला ठरवू देणार नाही. तुम्हाला नाही, मलाही नाही.

आणि शेगडी आत आणतोय. सलीम आला की पहिला चहा तिच्यावर, त्याच्या हातचा. रागावू नका.

तुमच्याशी अजून भांडणारा,
वसंता