बजाबाईचं घरटं

८ एप्रिल, मंगळवार

बजाबाईनं आज शुद्धीवर यायला फार वेळ लावला. बाकीच्या पोरी उठून मिशा साफ करायला लागल्या, ही आपली गरम गादीवर आडवी! मी वाकून बघत बसले. डोळे अर्धे मिटलेले, कान मागे. मग एक मिशी हलली. जीव भांड्यात पडला.

प्रयोगशाळेतल्या उंदरांना नावं द्यायची नाहीत असा नियम आहे. म्हणून हे नाव फक्त इथं. आमच्या गल्लीतल्या बजाबाई दिसेल ती चिंधी उचलून घरात नेतात, ही पांढरी उंदरीण त्यांचीच बहीण. कापसाची वडी टाकली की सकाळपर्यंत छपरासकट घरटं तयार!

एसी बंद पडलाय. मेकॅनिक ‘आज येतो’ म्हणतो, कुठला आज ते सांगत नाही. दाराशी कूलर लावलाय. उंदरांचं खाणं-पाणी बघणाऱ्या बिरप्पामामांनी भूल दिलेल्या उंदरांचे पिंजरे तिथून उचलून पश्चिमेच्या भिंतीला नेले. “भूल उतरल्यावर वारं लागू ने वो ताई. त्यास्नी बी थंडी वाजतीच की.” खरंच आहे ते. मीही हात लावला.

९ एप्रिल, बुधवार

वडी तशीच. कोपरासुद्धा कुरतडलेला नाही. घरटं — शून्य.

उंदीर दुखणं लपवतो. पण बरं वाटत असलं की घर बांधतो, नसलं की बांधत नाही. सहा वेळा भूल द्यायची आणि दर वेळी बघायचं, सोसतेय का — एवढंच माझं संशोधन. कालची तिसरी.

माझे गाइड, गुरुराज सर, म्हणाले, “घरटं नाही? लक्ष ठेव, प्रतिक्षा. मंगळवारपर्यंत असंच राहिलं तर तिला काढावं लागेल.”

काढणं म्हणजे पिंजऱ्यातून बाहेर सोडणं नव्हे. भुलीचा गॅस तोच, फक्त बंद करायचा नाही. हाल लांबवू नयेत म्हणून. सर निर्दय नाहीत, नियमही बरोबर आहे. तरी मला त्यांचा राग आला!

११ एप्रिल, शुक्रवार

पहाटेचं स्वप्न. सात रस्त्याच्या चौकाला कुणीतरी भूल दिलीय. सिग्नल हिरवा, पण हलत कुणीच नाही. रिक्षावाले हँडलवर मान टाकून झोपलेत. वरून कापूस पडतोय, टॉवेलच्या कारखान्यातून आल्यावर आईच्या केसांत असतो तसा, बारीक. आणि बजाबाई — उंदरीण की गल्लीतल्या? दोन्ही! — रस्ता ओलांडत तो वेचतेय. मी हाक मारतेय, पण आवाज फुटत नाही.

नऊ वर्षांची असताना माझे टॉन्सिल काढले होते. भुलीतलं काहीच आठवत नाही. झोपेत निदान वेळ गेल्यासारखा वाटतो, तिथं तेवढंही नव्हतं. जागी झाले तेव्हा कानाला आईचा स्कार्फ गच्च बांधलेला, खिडक्या बंद. मे महिना होता! घामानं न्हाले, पण कुणी वारं लागू दिलं नाही. किती सुरक्षित वाटलं होतं.

बजाबाई तिथं तीनदा जाऊन आली. परत येताना तिच्याजवळ कोण असतं?

१२ एप्रिल, शनिवार

शून्य. आता भिंतीकडच्या सगळ्याच पोरी शून्य. ज्यांना भूल दिलेलीच नाही, त्या दाराजवळच्यांची घरटी मात्र झकास. म्हणजे भुलीमुळंच.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गल्ली निळी झालीय. आई पांढरी साडी नेसली, खीर केली. मी सकाळीच प्रयोगशाळेत डोकावून आले. बजाबाई पसरलेली — पोट जमिनीला, पाय चारी दिशांना. पार गळाठलेली! मिरवणुकीत सगळे नाचत होते आणि मला रडू येत होतं. आईनं विचारलं, “का गं, काय झालं?” उंदराचं सांगायची लाज वाटली.

उद्या सर बघणार.

१५ एप्रिल, मंगळवार

गच्चीवर झोपलो होतो. उजाडताना जाग आली. आई पालथी, हातपाय पसरून, पांघरूण पायाशी बोळा झालेलं. मी सवयीनं तिच्या अंगावर घालायला गेले तर झिडकारलं! “सर की तिकडं! एवढ्या उकाड्यात पांघरून घेतंय का कोन? येडी हायस का?”

मी पांघरूण धरून उभीच. आई पसरलेली. बजाबाई पसरलेली.

चहाही न घेता प्रयोगशाळेत पळाले. पश्चिमेची भिंत! दिवसभर तापते, सकाळीसुद्धा हाताला गरम लागली. आमचं थर्मामीटर दाराशी, कूलरच्या वाऱ्यात लटकलेलं. असल्या उकाड्यात घर कोण बांधेल? त्या आजारी नव्हत्या, त्यांना उकडत होतं.

बिरप्पामामांनी कपाळाला हात लावला. “अय्यो! बरं करायला जाऊन भाजलो की वो त्यास्नी!” एकटे तुम्ही नाही, मामा. माझ्याही डोक्यात तो स्कार्फच होता.

सर आले. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, “सगळे पिंजरे सारख्या वाऱ्यात ठेवा. गेला आठवडा हिशोबातून बाद. उद्या सकाळपर्यंत थांबू.”

१६ एप्रिल, बुधवार

छप्पर!!

आत बजाबाई, बाहेर फक्त शेपटीचं टोक. मामांनी खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली, पेढे असल्यासारखी. सरही हसले. आज मी सात रस्त्यापर्यंत चालत आले, उगीचच.

२१ एप्रिल, सोमवार

मेकॅनिक अवतरले. एसी चालू!

६ मे, मंगळवार

सहावी भूल झाली. शुद्धीवर आली ती थेट मिशा पुसायला. मान दुखेपर्यंत तिच्याकडे बघत बसले. असं वाटत होतं की ती तिकडून काहीतरी घेऊन आलीय आणि सांगत नाहीये.

१० मे, शनिवार

रिपोर्ट दिला. चेहरा ठीक, वजन ठीक, घरटी उत्तम. वारंवार भूल दिल्यानं थोडा ताण येतो, पण तो उतरतो. प्रत्येक शब्द खरा. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एकच उंदरीण होती. वाचली बाई!

१६ मे, शुक्रवार

सरांनी बोलावलं. खूश होते. “छान काम केलंस. भूल इतकी सोसते म्हटल्यावर नवे उंदीर कशाला? पुढच्या प्रयोगाला हेच घेऊ. बारा वेळा. सोमवारी तुझ्या त्या घरट्यावालीपासून सुरू कर.”

मी ‘हो सर’ म्हणाले. सोसते हे मीच तर लिहून दिलंय.

निघताना बघितलं. बजाबाई नवी वडी कुरतडत होती.