मास्तरांची विजार

९ मार्च, सोमवार

वहीबाई, माफ कर. फार दिवसांनी उघडतोय तुला. चष्मा सापडत नव्हता, आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. आज घडलं.

शिलाई मशीनजवळ जमिनीवर रक्त! मसुराच्या दाण्याएवढे दोन थेंब, आणि शेजारी मास्तर बसलेले. मास्तर म्हणजे लेकीचा ससा. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा माझ्या हवाली करून गेली. हा वर्तमानपत्र कुरतडतो आणि आपल्याकडे चूक सापडल्यासारखा बघतो. चौथीत ज्यांच्या धाकाने मी शाळा सोडली ते अगदी असेच बघायचे. म्हणून नाव मास्तर, आणि म्हणून अहो-जाहो.

उलटंसुलटं करून पाहिलं. जखम नाही. अक्का म्हणाली, "बीट खाल्लंय मेल्याने! त्याने सशाला लाल होते लघवी." अक्का माझी थोरली बहीण. तिला सगळं माहीत असतं.

बीट बंद.

१० मार्च, मंगळवार

बीट बंद, थेंब चालू.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, ससा कसा आहे?" म्हटलं, "मजेत!" तिचा पहिला प्रश्न हाच असतो, शेवटचाही हाच. मधे आवाज तुटतो.

मास्तरांचं काही बरंवाईट झालं तर ती फोन कशाला करेल? म्हाताऱ्या शिंप्याशी बोलायचं तरी काय?

१२ मार्च, गुरुवार

आठवलं! मागे उशीचा अभ्रा शिवताना मशीनची सुई तुटली होती. वरचा तुकडा मिळाला, टोक मिळालं नाही. म्हटलं जाईल कुठे. कुठे गेलं ते आता कळलं — मास्तरांच्या पोटात! दिसेल ते तोंडात घालतात.

अक्काला सांगणार नव्हतो. सांगितलं.

"सुई गिळलेला ससा अशा उड्या मारतो होय रे बाळ्या? तुझ्या अंगठ्यात एकदा टोचली होती, तर घर डोक्यावर घेतलं होतंस!"

सदुसष्टाव्या वर्षी बाळ्या. असो.

१३ मार्च, शुक्रवार

अक्काने परीक्षा काढली. पांढरी चादर अंथरायची, मास्तरांना तिच्यावरून चालवायचं. डाग पडला तर सशात दोष, नाही पडला तर माझ्या डोक्यात.

मास्तर ढिम्म! शेवटी अक्का त्या टोकाला कोथिंबिरीची जुडी धरून बसली आणि मी मागून "चला, चला मास्तर" करत हाकलत गेलो. चादर पार केली. वळून पाहतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत डागच डाग!

अक्का गप्प झाली. अक्का गप्प झालेली मी जन्मात पाहिली नव्हती. मग म्हणाली, "आता ही चादर धुवायची कुणी?"

१४ मार्च, शनिवार

आज माझ्या साखरेच्या डॉक्टरकडे जायचं होतं. नाही गेलो. माझं काय? पाय जरा बधिर असतात — चप्पल निसटली तर लोकांनी सांगितल्यावर कळतं. गार पडतात म्हणून लेकीने पाठवलेले तांबडे लोकरी मोजे चढवून ठेवतो. काढतच नाही. काढले की पुन्हा घालायला अक्का लागते, आणि अक्का नुसते मोजे घालत नाही, बोलते. ते राहू दे. आधी मास्तर.

विजार शिवली! पांढरं पॉपलिन, आत कापूस, कमरेला नाडी, शेपटीसाठी मागे काज. माप घेताना मास्तर चावले. आयुष्यभर दुकान चालवलं, नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली, चावलं कुणी नव्हतं.

अक्का हसून हसून भिंतीला टेकली. "पुढे खिसा का नाही लावलास? खडू कुठे ठेवतील मास्तर?" हसू दे.

शिवून होईपर्यंत पायडलाखाली पुन्हा थेंब. मास्तर पायाशीच होते. मी जिथे, ते तिथे.

१५ मार्च, रविवार

विजार कोरी. जमिनीवर थेंब.

म्हणजे रक्त मागून नाही, पुढून येतंय! तोंडातून! सुई घशात अडकलीय!

फोन आला. "मजेत." देवा, किती खोटं बोलायला लावतोस.

१६ मार्च, सोमवार

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मास्तर पिशवीत, पिशवी अक्काच्या कडेवर. दारात चपला काढायला लावल्या.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. "विजार कुणी शिवली?" मी, म्हटलं. "छान शिवलीय. पण का शिवली?"

सगळं सांगितलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं, यंत्राखाली फोटो काढला. पोटात गवत. सुई नाही! मास्तर ठणठणीत! मला रडूच कोसळलं. अक्का म्हणाली, "अरे, लोक बघतायत." शेजारी एक पोपट होता, बाकी कोणी नाही.

मग बाई जमिनीकडे बघत राहिल्या. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत लाल ठिपके.

"आजोबा, ससा पिशवीतून आला ना?"

"हो."

"मोजा काढा."

मी म्हटलं, "बाई, पेशंट ससा आहे, मी नाही." अक्का गुडघे धरत खाली बसली आणि मोजा ओढला. टाचेशी चिकटला होता. तिने पाहिलं. काही बोलली नाही. दुसऱ्यांदा.

१७ मार्च, मंगळवार

माणसांचा दवाखाना. इथेच ठेवून घेतलंय. टोक माझ्या टाचेत आहे. फोटोत स्वच्छ दिसतं, सोळा नंबरची सुई — मी लगेच ओळखली. आत पू झालाय. म्हटलं, डॉक्टर, मला तर काहीच दुखत नाही. म्हणाले, "तेच तर वाईट आहे." पाय राहील की नाही ते टोक काढल्यावर सांगणार.

अक्का म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." आणि तोंड फिरवून उभी राहिली.

लेकीला कळवू नको म्हटलं. ती जिन्यात जाऊन कळवून आली.

१८ मार्च, बुधवार

टोक काढलं. पाय राहील म्हणाले. सांगताना हसले मात्र नाहीत.

१९ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. पाय कसा आहे, ताप आहे का, जेवलात का, मला आधी का नाही सांगितलंत, आजच निघतेय. आवाज मधे एकदाही तुटला नाही. सशाचं तिने नावही काढलं नाही. फोन ठेवल्यावरही मी तो कितीतरी वेळ कानाशी धरून होतो.

पण मास्तर कसे आहेत? इथे कोणी काही सांगत नाही. अक्के, हे पान तुला घरी धाडतोय, त्यांची ती विजार आता काढ गं. आणि गवत खाल्लं का, एवढं कळव. लवकर कळव.