बाभळीचा डिंक आणि शिसं

३ फेब्रुवारी २०२५, परभणी
जमलं! पाण्यातले विषारी धातू ओढून घ्यायला केलेले लोखंडाचे कण आज सकाळीही काळेच. आधी तीनदा एका रात्रीत गंजून तांबडे झाले होते. या वेळी बाभळीच्या डिंकाचं आवरण दिलं, तर टिकले! इतके बारीक की पाण्यात नुसती शाई दिसते. लॅबमधला आमचा गोपाळ म्हणतो, "मॅडम, एवढ्या मोठ्या लॅबला शेवटी आमच्या बांधावरचाच डिंक लागला का?" लागला बाबा.

५ फेब्रुवारी
गोपाळला बाटली दिली होती, तो त्याच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी आईकडून भरून घेऊन आला. सहज तपासलं, तर शिसं! मर्यादेच्या चौपट. त्याची बायको रुख्मिणी सातव्या महिन्याची. शिसं पोटातल्या बाळाला फार घातक. लगेच सांगितलं – विहीर बंद. त्याची आई, चतुराबाई, फोनवर कडाडल्या, "माझ्या सासऱ्यानं खांदलेली हीर हाय ती! तिला काय झालंय?" पण ऐकलं.

८ फेब्रुवारी
त्याच पाण्यात आपले कण टाकले. अर्ध्या तासानं बाटलीखाली लोहचुंबक धरलं – काळं सगळं तळाला, वर नितळ पाणी. शिसं जवळजवळ शून्य! एकटीनंच टाळ्या वाजवल्या. पिण्याच्या पाण्यासाठी वापरायला अजून वेळ आहे, ठाऊक आहे मला. तरी फार खूश आहे. घरी येऊन शिरा केला.

१२ फेब्रुवारी
वस्तीवाले शाळेच्या हातपंपावरून पाणी आणतात. गोपाळ म्हणाला, "माय तुमच्या नावानं बोटं मोडायलीय." मोडू दे. बाळ सुखरूप येऊ दे म्हणजे झालं.

१६ फेब्रुवारी
पुढच्या प्रयोगाला पाणी हवं म्हणून स्वतःच वस्तीवर गेले. दोरीनं बाटली विहिरीत सोडून भरून घेतली. चतुराबाईंनी चहा दिला, पण तोंड फुगवूनच.

१७ फेब्रुवारी
कालच्या पाण्यात मुळात शिसं नाहीच! दोनदा तपासलं. चतुराबाईंना फोन केला – त्या दिवशी बाटली कशी भरली होती? "तुमच्यासारक्या पावण्याला हिरीतलं कच्चं पाणी देत्यात व्हय? गाळून कलईच्या घागरीत रातभर ठिवलं, मंग भरलं." म्हणजे कलईत शिशाची भेसळ. विहीर बिचारी स्वच्छ.
"आणि हातपंपाचं पाणी कशात ठेवता?"
"त्यातच की. रुख्मिणीला तर म्या दुसरं देतच न्हाई. गार ऱ्हातंय."
उद्या सकाळी गोपाळ तिला रक्त तपासायला घेऊन येतोय.